ताडोब्याचा मुक्काम घरातल्या चौविहारवालीला ठरवू द्या



दिवाळीचा फराळ संपत आला की आपल्या घरांत नाताळच्या सुट्टीचा विषय निघतो. आपण विदर्भातल्या असलो, किंवा आपल्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे येणार असले, तर उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, ताडोबा. मग गाडी कोणाची, सफारी किती, वाघ दिसेल का, यावर रात्री अकरापर्यंत चर्चा चालते. मुक्कामाचं काम मात्र घरातला कोणीतरी तरुण माणूस मोबाईलवर पाच मिनिटांत उरकतो. फोटो बघायचे, पोहण्याचा तलाव आहे का बघायचं, गेटपासून किती किलोमीटर ते बघायचं, की झालं बुकिंग.

मुक्काम हा सहलीतला सगळ्यात मोठा निर्णय असतो आणि तोच सगळ्यात कमी विचार करून घेतला जातो, हे मला खटकतं. त्याहून जास्त खटकतं ते हे की त्याचा त्रास जिला होणार असतो तिला कोणी विचारतच नाही. घरात चौविहार करणारी एक तरी असते. सासूबाई असतील, नणंद असेल, मोठी जाऊ असेल, नाहीतर तुम्ही स्वतः. माझं स्पष्ट मत आहे की मुक्काम तिनेच ठरवावा. आणि तिने ठरवला, तर ताडोब्याच्या सहलीत तो जंगलाच्या गेटजवळ होणार नाही. तो भद्रावतीला होईल, नाहीतर चंद्रपूर गावात.

यात धर्माचं अवडंबर नाही, साधा घड्याळाचा हिशोब आहे. डिसेंबरात चंद्रपूरकडे सूर्य साडेपाच-पावणेसहाच्या दरम्यान मावळतो. दुपारची सफारी जवळजवळ सूर्यास्तापर्यंत चालते. जिप्सी गेटबाहेर येते, तुम्ही खोलीवर येता, धूळ झटकता, तोवर अंधार पडलेला असतो. म्हणजे जिने दुपारची फेरी घेतली तिचं संध्याकाळचं जेवण गेलंच. तुमचं रिसॉर्ट गेटपासून अर्धा किलोमीटरवर असो की वीस, सूर्य थांबत नाही. सकाळच्या फेरीला उजाडायच्या आधी गेटवर हजर राहावं लागतं आणि परत यायला दहा-साडेदहा होतात. पावणेसातला सूर्योदय धरला तर नवकारशी साडेसातच्या सुमाराला येते, तेव्हा आपण ऐन जंगलात असतो. जवळ घरचं उकळलेलं पाणी असलं की तेवढं भागतं. म्हणून वयाने मोठ्या बायकांनी सकाळची फेरी घ्यावी, दुपारी विसावा घ्यावा आणि पाच वाजता ताटावर बसावं. हे जिथे जमेल तो मुक्काम चांगला. बाकी तलाव-बिलाव सगळं नंतर.

आमच्या घरातलीच गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून चिखलदऱ्याला गेलो होतो. हॉटेलचं नाव घेत नाही. फोनवर त्यांनी जैन जेवण मिळेल असं सांगितलं होतं. मिळालंही, रात्री साडेआठला. माझ्या मोठ्या जाऊबाईंचा बावीस वर्षांचा चौविहार. तीन दिवस त्या संध्याकाळी पाच वाजता खोलीत पलंगाच्या कडेला बसून घरून आणलेल्या दशम्या आणि दाण्याची चटणी खात होत्या. तिसऱ्या दिवशी दशम्या वाळून कडक झाल्या, तर त्या पाण्यात बुडवून खाल्ल्या. “मला काही नको गं, तुम्ही जेवा पोटभर,” हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की मुलांना ते खरंच वाटलं. त्या सहलीच्या सगळ्या फोटोंत जाऊबाई मधोमध आहेत, जेवणाच्या एकाही फोटोत नाहीत. घरी आल्यावर माझा पुतण्या सहज म्हणाला, “मोठ्या आईला भूक फार कमी झाली आहे हल्ली.” मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं की बाळा, तिची भूक कमी झालेली नाही, तुझ्या हॉटेलचं स्वयंपाकघर उशिरा उघडतं.

आपल्या बायका तक्रार करत नाहीत. व्रत माझं आहे, त्याचा भार दुसऱ्यावर कशाला, असा विचार त्यामागे असतो. विचार चांगला आहे, पण त्यातून घरातल्यांची समजूत अशी होते की हिला काहीही चालतं.

आता फोनवर काय विचारायचं ते सांगते. “जैन फूड आहे का?” हे विचारूच नका. त्याला सगळीकडे “हो मॅडम” हेच उत्तर येतं. त्या “हो”चा अर्थ बहुतेक ठिकाणी एवढाच असतो की भाजीत कांदा-लसूण घालणार नाही. बटाटा असतो, गाजर असतं, फ्लॉवर नीट बघितलेला नसतो, आणि शेजारच्या कढईतला झारा आपल्या कढईत येतो. त्याऐवजी मी एकच प्रश्न विचारते. “संध्याकाळी पाच वाजता गरम वरण-भात-पोळी आणि एखादी वेलावरची भाजी मिळेल का?” समोरचा माणूस जर क्षणभर थांबून म्हणाला, “पाच वाजता? किचन तर सातला सुरू होतं,” तर समजायचं. आणि जो म्हणेल, “हो, आमच्याकडे पाचला पंगत बसतेच,” त्याच्याकडे जायचं. पाण्याचं, तव्याचं, भाजीचं पुढचं काहीच विचारावं लागत नाही.

मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी केली नाही, पण कॉस्टिंगच्या पेपरात शिकलेलं चाळीस वर्षं घरात वापरते आहे. मोबाईलवर खोलीचं जे भाडं दिसतं तो फक्त वरवरचा खर्च असतो. त्याखाली बरंच काही दडलेलं असतं. रिसॉर्टचं जेवण खोलीच्या दरातच धरलेलं असतं, म्हणजे जी रात्री जेवत नाही तिच्याही रात्रीच्या जेवणाचे पैसे आपण मोजतो. मुलांचं आणि वयस्कांचं ताट एकाच दराने. बाटलीबंद पाणी वेगळं. आणि जंगलाजवळ दुसरं दुकान नसल्यामुळे चहाही त्यांच्याच दराने. आम्ही नऊ जण जाणार होतो तेव्हा मी वहीत दोन रकाने आखले, एकीकडे गेटजवळचा मुक्काम आणि दुसरीकडे भद्रावती अधिक रोजचं गाडीचं डिझेल. दुसरा रकाना निम्म्याच्याही खाली आला. आकडे देत नाही, कारण दर हंगामाप्रमाणे हलतात. पण वही घेऊन बसा एकदा. आपल्या घरातले पुरुष वाघाच्या बाबतीत कितीही भावुक असले तरी बेरजेपुढे गप्प बसतात.

आणखी एक बारीक गोष्ट, जी बाहेरगावच्या पाहुण्यांना कळत नाही. ताडोब्याला एकच दार नाही. सफारीचं बुकिंग गेटप्रमाणे असतं. चंद्रपूरकडून मोहर्लीचं गेट, नागपूरहून उमरेड-चिमूर बाजूने गेलं तर कोलाऱ्याचं, वरोरा-भद्रावतीच्या अंगाला खुटवंड्याचं. कोलाऱ्याची सफारी आणि मोहर्लीत मुक्काम असं झालं तर जंगलाला वळसा घालण्यातच पहाट जाते. म्हणून आधी सफारी, मग मुक्काम. आपल्या दृष्टीने मोहर्लीचं गेट सोयीचं, कारण त्याच्यामागे चंद्रपूर शहर आहे आणि भद्रावतीही त्याच बाजूला आहे. मंगळवारी जंगलाच्या आतला भाग बंद असतो हेही लक्षात ठेवा. आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर तो बंदच असतो. मला हे फार आवडतं. आपले साधू चातुर्मासात एका जागी थांबतात, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. सरकारच्या मनात रस्त्यांचा चिखल असेल, पण त्या महिन्यांत माणूस जंगलातून बाहेर राहतो हे बरंच आहे.

आता भद्रावती. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर वरोऱ्यानंतर, चंद्रपूरच्या पंचवीस-तीस किलोमीटर अलीकडे हे गाव लागतं. रेल्वेने येणार असाल तर स्टेशनचं नाव भांदक आहे, भद्रावती शोधत बसू नका. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, चंद्रपूरला उतरून मागे येणं जास्त सोपं पडतं. गावात केसरिया पार्श्वनाथाचं मोठं श्वेतांबर तीर्थ आहे. काळ्या पाषाणाची, नागफण्यांची मूर्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थांना स्वप्न पडलं, त्यावरून शोध घेतला आणि इथल्या रानात मूर्ती मिळाली, अशी हकिकत तिथे सांगतात. म्हणून स्वप्नदेव हेही नाव आहे. आवारात धर्मशाळा आहे, भोजनशाळा आहे.

आम्ही दिगंबर. माझ्या माहेरच्या काही मंडळींना अजून प्रश्न पडतो की श्वेतांबरांच्या धर्मशाळेत कशाला उतरायचं. मी विचारते, हॉटेलात उतरताना मालकाचा आम्नाय विचारता का? तिथली पूजा त्यांच्या पद्धतीने होते, आपण लांबून दर्शन घ्यावं, भाव आपला आपल्यापाशी. सूर्यास्ताच्या आधी जेवायचं आणि पाणी गाळून घ्यायचं या बाबतीत दोघांचं पंचांग एकच आहे. भोजनशाळेत पाचच्या पंगतीला माझ्या शेजारी राजस्थानातून आलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला मारवाडी जेमतेम. पण ताटात उष्टं टाकू नये म्हणून दोघींनी शेवटी ताट धुऊन प्यायलं तेव्हा भाषेची गरज पडली नाही.

त्या संध्याकाळी जाऊबाईंनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मी काही बोलले नाही, फक्त पुतण्याला कोपराने ढोसलं.

पण थांबा, इथेच मला आपल्या लोकांना चार शब्द सुनवायचे आहेत. धर्मशाळा म्हणजे स्वस्त हॉटेल नव्हे. वाघ बघायला आलेली आपलीच काही कुटुंबं तिथे उतरतात, दिवसभर बाहेर, रात्री दहाला बाहेरून पार्सल घेऊन आवारात येतात, खोलीत मोठमोठ्याने पत्ते कुटतात, आणि सकाळी गिझरचं पाणी गार म्हणून पेढीवरच्या माणसावर ओरडतात. दर्शनाला एकदाही खाली उतरत नाहीत. कोणीतरी आपल्या आई-वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेल्या खोल्या आहेत त्या. त्यांचं भाडं कमी आहे ते दात्यांनी त्यातला फरक आधीच भरून ठेवला म्हणून, हे तरी आपल्याला कळायला हवं. सफारीसाठी उतरत असाल तर खुशाल उतरा, पण यात्रेकरूसारखं राहा. आधी पेढीवर कळवा, पर्व किंवा मेळावा असेल तर आपण दुसरीकडे जा, निघताना भोजनशाळेच्या खात्यात मनापासून काही भरा. हिशोबाच्या वहीत मी तो आकडा खर्चातच धरते, दानात धरत नाही.

ज्यांना तिथे खोली मिळाली नाही, किंवा ज्यांच्याबरोबर आजारी माणूस आहे, त्यांनी चंद्रपूर गावात उतरावं. शहर आहे, डॉक्टर आहे, औषधांचं दुकान आहे, आपली मंदिरं आणि आपली घरं आहेत. मोहर्लीचं गेट दुर्गापूर-पद्मापूर बाजूने पाऊण तासावर आहे. शहरही बघण्यासारखं आहे. गोंड राजांनी बांधलेला परकोट अजून उभा आहे, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आहेत. या भिंतीवर वाढलेली झाडंझुडपं इको-प्रो संस्थेच्या मुलांनी २०१७ पासून महिनोन्‌महिने श्रमदानाने काढली. लहान नातवंडांना वाघ नाही दिसला तरी किल्ल्याच्या भिंतीवरून चालायला फार आवडतं.

एक सावधगिरी. चंद्रपूरला कोळशाच्या खाणी आहेत आणि २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूर पहिल्या पाचांत होतं. दमा असणाऱ्यांनी खोली मुख्य रस्त्यापासून आत बघावी, खिडकीखालून कोळशाचे ट्रक जाणार नाहीत अशी. आणि एप्रिल-मे मध्ये वाघ हमखास दिसतो म्हणून कोणी आग्रह केला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका. पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो. उघड्या जिप्सीत, उपाशीपोटी, तोंडावर फडकं बांधून बसणं हा काही तपाचा भाग नाही.

आता या मुक्कामाला जंगलाच्या बाजूनेही पाहायला हवं. जेवणाच्या वेळा गेटजवळ जमल्या असत्या तरी मी तिथे उतरले नसते.

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. वाघांसाठी जागा मोकळी हवी म्हणून आतली गावं उठवली. बोटेझरी, नवेगाव, जामणीची माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून बाहेर आली. आणि त्याच जंगलाच्या कडेने आता दिवे, तलाव, लग्नाचे मांडव आणि रात्रीचं संगीत उभं राहतं आहे. वाघ काही सरकारी नकाशा बघून हिंडत नाही. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायला त्याला वाट लागते, आणि ती वाट शेतांमधून, या कुंपणांच्या मधून जाते. २०२२ च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आवारात कामावरून निघालेल्या एका कामगाराचा जीव वाघाने घेतला. कारखान्याच्या आवारात! वाट जितकी अडवाल तितका तो माणसांत येणार.

आणि तो सगळ्यात आधी कोणाला भेटतो? आपल्याला नाही. आपण जिप्सीत बसलेले असतो, गाईड बरोबर असतो. तो भेटतो पहाटे मोहाची फुलं वेचायला गेलेल्या बाईला, तेंदूची पानं तोडायला वाकलेल्या बाईला. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ज्या वेळी आपण गेटवर रांगेत उभे राहून “आज दिसू दे रे देवा” म्हणतो, त्याच वेळी त्याच जंगलाच्या दुसऱ्या टोकाला कोणी बाई “आज दिसू नको रे देवा” म्हणत घराबाहेर पडते. मला ही गोष्ट मनातून काढता येत नाही. आपण पाणी गाळतो, गाळलेल्यातले जीव परत विहिरीत सोडतो, त्याला जिवाणी म्हणतो. मग आपण जिथे झोपणार त्या खोलीने कोणाची वाट अडवली आहे, याचा विचार करायला काय हरकत आहे?

यावर माझी सून म्हणते, “आई, पण गेटजवळ राहिलो तर तिथल्या गावकऱ्यांना पैसे मिळतात ना.” तिचा मुद्दा मी उडवून लावत नाही. गावातल्या माणसाने स्वतःच्या घरात दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या असतील, त्याची बायको स्वतः रांधत असेल, तर तिथे जरूर राहा. तिथे तर पाच वाजता भाकरी मागायलाही संकोच वाटणार नाही, कारण खेड्यात दिवेलागणीच्या आधी जेवणारी घरं अजून आहेत. फक्त चुलीवर मांसाहार शिजतो का हे आधीच प्रेमाने विचारून घ्या, मग दोघांनाही अवघड होत नाही. माझा आक्षेप शहरातल्या पैशाने उभ्या राहिलेल्या मोठ्या आवारांना आहे. आणि मुक्काम भद्रावतीला केला म्हणून गावाचा पैसा बुडत नाही. जिप्सी तिथल्याच माणसाची, गाईड तिथलाच. ताडोब्यात आता बायकाही गाईड आहेत. आमच्या सकाळच्या फेरीला अशीच एक मुलगी होती, खाकी गणवेशात, केसांचा घट्ट आंबाडा. वाघ दिसला नाही. पण तिने रानकुत्र्यांची टोळी दाखवली, मोर दाखवले, आणि झाडाच्या सालीवर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले. जाऊबाईंनी तिला निघताना पैसे दिले आणि विचारलं, “घरी जेवायला कोण वाट बघतं तुझी?” असे प्रश्न फक्त आपल्या बायकाच विचारू जाणे.

पोरांची खरी तक्रार वेगळीच असते. भद्रावतीला मुक्काम केला तर पहाटे तासभर आधी उठावं लागतं. मोहर्लीला पोचायला, अंधारात, तास-सव्वा तास धरून चालावं लागतं. आपण तर चारला उठलेल्याच असतो. त्यांनी वर्षातून दोन दिवस उठावं. वाटेत गाडीत झोपतात, काही बिघडत नाही. त्यांना दुपारची फेरी हवी तर त्यांनी घ्यावी, अंधार पडल्यावर परत यावं. आम्ही तोवर जेवून, सामायिक करून बसलेल्या असतो. सगळ्यांनी सगळं एकत्रच करायचं हा हट्टही कशाला? एकत्र म्हणत म्हणत ज्यांची सोय बघितली जाते ती बहुतेक तरुणांचीच असते. आतल्या भागात मोबाईल नेऊ देत नाहीत, तर चार तास गाडीत सगळे एकमेकांशी बोलतात. तेवढं एकत्रपण मला पुरतं.

चंद्रपूरपर्यंत आल्यावर गडचिरोलीचं मन होतंच. चंद्रपूर काही महाबळेश्वर नव्हे, पण एकीकडे चिमूरच्या टेकड्या, एकीकडे माणिकगडचा डोंगर, आणि वैनगंगा ओलांडली की पुढे टिपागड, सूरजागड, भामरागड असे डोंगर आणि सागवानाचं रान सुरू होतं. चामोर्शी तालुक्यातलं मार्कंडा मूल मार्गे एका दिवसात बघून परत येता येतं. वैनगंगेच्या काठावर दगडी कोरीव देवळांचा समूह आहे, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, तेवढे दिवस टाळा. त्यासाठी मुक्काम हलवायची गरज नाही.

पण हेमलकसा करायचं असेल तर गोष्ट वेगळी. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३ मध्ये सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व मंदाताई आमट्यांनी उभा केलेला लोकबिरादरी प्रकल्प चंद्रपूरहून दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे, आलापल्लीच्याही पुढे, भामरागडच्या अलीकडे. एका दिवसात जाऊन येण्याचा अट्टहास करू नका, जंगलातला रस्ता आहे. प्रकल्पावर आधी कळवल्याशिवाय मुक्कामाला धडकू नका, ते दवाखाना आणि शाळा चालवतात. आलापल्ली-अहेरीकडे साधे लॉज मिळतात, पण पाचच्या पंगतीची आशा तिकडे ठेवायची नाही. म्हणून त्या दोन दिवसांचं सगळं बरोबर न्यायचं. लहान शेगडी, मुगाची डाळ आणि तांदूळ घरूनच निवडून, भाजलेला रवा, मेतकूट, तुपाची बरणी, पाणी गाळायचं दुहेरी फडकं आणि एक झाकणाचं पातेलं. लॉजवाल्याला शेगडी चालते का ते फोनवर विचारून ठेवा, ऐनवेळी नको. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या एकत्र येतात, तिथे काठावर बसून चार-साडेचारला डबा उघडला तर उत्तम. पुढच्या रस्त्यात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा त्या दोन्ही दिवसांच्या सूर्यास्ताच्या वेळा घरून निघायच्या आधीच पंचांगातून कागदावर उतरवून घ्या.